नेट बंद, की कॉम्प्युटर अडलाय?

नमस्कार श्रोतेहो. ‘नेट बंद पडलंय’ म्हटलं की आपला पहिला फोन जातो नेटवाल्याला. माणूस येतो, त्याच्या मोबाइलवर तुमचं वाय-फाय झकास चालतं, आणि ‘आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही’ म्हणून तो निघून जातो. बिघाड कॉम्प्युटरमध्ये असतो. याच्या उलटही होतं. घरातला भाचा तासभर विंडोजची सेटिंग्ज उलटीपालटी करतो, आणि फायबर तुटलेली असते बाहेर, रस्त्याच्या खोदाईत. म्हणून बिघाड नेमका कुठे आहे हे आधी ठरवा, हात नंतर लावा.

पहिली चाचणी मोबाइलची. मोबाइल त्याच वाय-फायला जोडा, पण त्याचा मोबाइल डेटा आधी बंद करा. हे विसरलं तर चाचणी फुकट जाते, कारण वाय-फायवर नेट नसलं तर फोन गुपचूप सिमच्या डेटावर जातो आणि सगळं आलबेल दिसतं. डेटा बंद ठेवूनही मोबाइलवर नेट चाललं, तर दोष कॉम्प्युटरचा. नाही चाललं, तर भिंतीवरच्या डब्याकडे, म्हणजे वाय-फाय देणाऱ्या राउटरकडे वळा.

फायबरचं कनेक्शन असेल तर डब्यावर दोन दिवे महत्त्वाचे: ‘पॉन’ आणि ‘लॉस’. पॉन स्थिर हिरवा हवा. लॉस लाल लागला किंवा लुकलुकायला लागला, तर फायबरमधून प्रकाश पोचत नाहीये, आणि कॉम्प्युटरवर काहीही केलं तरी उपयोग नाही. नेटवाल्याला फोन करण्याआधी फक्त एक बघा. डब्याला आलेली ती बारीक, बहुतेक पिवळी वायर कपाटामागे चेपली गेलीय का? साफसफाईत कपाट सरकवलं की हे हमखास होतं. फायबरला तीक्ष्ण वळण चालत नाही, प्रकाश वळणातूनच बाहेर निसटतो. वळण मोकळं करा. टोकाचा हिरवा कनेक्टर मात्र उगाच काढू नका, धुळीचा कण बसला तरी सिग्नल उतरतो. आणि काढलाच तर आत डोळा लावून बघू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण असतो.

बऱ्याच जुन्या सोसायट्यांमध्ये फायबर घरापर्यंत येत नाही. जिन्यातल्या पेटीत नेटवाल्याचा स्विच, म्हणजे घराघरात नेट वाटून देणारा डबा असतो, तिथून साधी लॅन केबल घरात येते. अशा ठिकाणी गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, की तुमचा राउटर इन्व्हर्टरवर ऐटीत चालू राहतो आणि जिन्यातला स्विच झोपलेला असतो. वाय-फाय पूर्ण दिसतं, नेट नाही. वीज येईपर्यंत थांबायचं, दुसरा इलाज नाही.

राउटर अडकला असेल तर प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, लावा, आणि दोन-तीन मिनिटं त्याला उठू द्या. हा झाला रीस्टार्ट. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून करतात तो रीसेट, आणि तो वेगळा. त्यात नेटवाल्यानं भरलेलं युजरनेम-पासवर्ड पुसलं जातं, आणि मग खरोखरच माणूस बोलवावा लागतो. टाचणी शिवणकामाच्या डब्यातच बरी. राउटर स्वतःहून पुन्हा पुन्हा बंद-चालू होत असेल, तर बहुधा त्याचा अडॅप्टर थकलाय. नवा घेताना व्होल्ट जुन्यावर छापलेत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील.

आता कॉम्प्युटर. केबलनं जोडलेला डेस्कटॉप असेल तर केबल जिथे घुसते, त्या पोर्टजवळचे दोन बारीक दिवे बघा. अंधार असेल तर केबल काढून पुन्हा लावा, ‘टक्’ आवाज आला पाहिजे. प्लगची प्लॅस्टिकची क्लिप मोडलेली असेल तर केबल लावलेली दिसते, पण आत टेकत नाही. राउटरचं दुसरं पोर्ट आणि दुसरी केबलही वापरून बघा. तरीही अंधारच असेल, आणि आदल्या संध्याकाळी वळवाचा कडकडाट झाला असेल, तर पोर्ट जळालं असण्याची दाट शक्यता आहे. गच्चीवरून आलेल्या लांब केबलमधून विजेचा झटका थेट तिथे पोचतो. त्यासाठी मदरबोर्ड बदलायची गरज नाही, यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर भागवतो.

लॅपटॉपवर आधी एअरप्लेन मोड बघा. कीबोर्डवर त्याचं बटण असतं आणि ते चुकून दाबलं जातं. राउटरची दोन नावं दिसत असतील आणि शेवटी ‘५जी’ असलेलंच गायब असेल, तर एक तर तुमचं वाय-फाय कार्ड जुनं आहे, ते फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतं. नाहीतर मध्ये जाड भिंत आहे. पेठांमधल्या वाड्यांच्या भिंतींपुढे ५ गिगाहर्ट्झ लवकर हात टेकतं. तिथे साधं नावच वापरा.

दिवे लागलेत, वाय-फायही जोडलंय, पण पान उघडत नाही? आता कागद-पेन्सिल घ्या. विंडोजचं बटण धरून आर दाबा. छोटी चौकट येईल, तिच्यात सी-एम-डी लिहून एंटर करा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात मध्ये जागा न सोडता लिहा: आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी. आलेल्या ओळींमध्ये ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’, म्हणजे नेटवर्कमधला तुमच्या कॉम्प्युटरचा पत्ता शोधा.

तो १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर चोर सापडला. कॉम्प्युटर राउटरकडे पत्ता मागतो, उत्तर मिळत नाही, आणि मग तो या मालिकेतला एक पत्ता स्वतःच घेऊन बसतो. त्या पत्त्यावरून बाहेर जाता येत नाही. राउटर रीस्टार्ट करा. मग तोच शब्द लिहून, एक जागा सोडून, तिरकी रेघ आणि ‘रिलीज’चं स्पेलिंग, एंटर, पुन्हा तसंच ‘रिन्यू’. रेघ प्रश्नचिन्हाच्या बटणावरची.

पत्ता १९२.१६८ नं सुरू होत असेल तर उत्तम. खाली ‘डिफॉल्ट गेटवे’समोर जो आकडा आहे तो तुमचा राउटर. ‘पिंग’ लिहून, जागा सोडून तो आकडा टाका. चार वेळा ‘रिप्लाय’ आला तर राउटरपर्यंतचा रस्ता साफ. मग पिंग ८.८.८.८, हा गूगलचा सर्व्हर. राउटर बोलतो आणि हा बोलत नाही, तर बहुतेक अडचण राउटरच्या पलीकडे, नेटवाल्याकडे. दोघंही बोलतात आणि तरी पान उघडत नाही, तर बहुधा डीएनएस बिघडलंय, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडा शोधणारी यंत्रणा. नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस हातानं भरा: पहिला ८.८.८.८, दुसरा १.१.१.१.

एवढ्यानंही भागलं नाही तर घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपमधला सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते, आणि ब्राउझर एकेक साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडवतो. नेट ठणठणीत असतं, सेल तेवढा बदलायचा. प्रॉक्सीचं, म्हणजे नेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवणारं सेटिंगही तपासा. ऑफिसचं काम घरून करताना ते चालू केलेलं असतं आणि तसंच राहतं. विंडोजमधला ‘नेटवर्क रीसेट’ अगदी शेवटी, कारण तो साठवलेले वाय-फायचे पासवर्डही पुसतो. ते आधी कागदावर उतरवा.

नेटवाल्याला फोन करायची वेळ आलीच, तर ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा आणि नुसतं ‘नेट बंद’ म्हणू नका. ‘लॉस लाल आहे’, किंवा ‘राउटरला पिंग जातो, ८.८.८.८ ला जात नाही’ असं सांगा, आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. माणूस येईपर्यंत डबा चालूच ठेवा, कारण त्यांना तो त्यांच्या ऑफिसातूनही तपासता येतो.