बोलिव्हियातला आल्टमान

मित्रहो, ६ एप्रिल १९४४ च्या संध्याकाळी फ्रान्समधल्या लियाँ शहरातून, गेस्टापोच्या म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या कचेरीतून, पॅरिसला एक तार गेली. इझ्यू गावातलं ज्यू मुलांचं वसतिगृह आज सकाळी रिकामं केलं, असा मजकूर. खाली नाव तिथल्या गेस्टापोच्या प्रमुखाचं, क्लाऊस बार्बीचं. त्या दिवशी ४४ मुलं आणि ७ मोठी माणसं उचलून नेली. मुलांपैकी एकही परत आलं नाही. मोठ्यांपैकी एक बाई तेवढी वाचली.

युद्ध संपलं आणि १९४७ मध्ये या बार्बीला अमेरिकेच्या लष्करी हेरखात्याने नोकरीवर ठेवलं. फ्रान्स त्याला मागत होता, तरी १९५१ मध्ये त्याच खात्याने त्याला इटलीतल्या जेनोवा बंदरामार्गे दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियाला पोचवलं. तिथे तो क्लाऊस आल्टमान झाला, नागरिकत्व मिळवलं, धंदा मांडला. फ्रान्समध्ये त्याच्या गैरहजेरीत दोनदा फाशीची शिक्षा झाली, पण तो सुखात होता. तो पळाला म्हणण्यापेक्षा त्याला पळवलं, असंच मी म्हणेन. अमेरिकेने याची जाहीर माफी मागितली, तीही १९८३ मध्ये.

त्याला हुडकून काढलं ते बेआटे आणि सर्ज क्लार्सफेल्ड या, दडलेल्या नाझींचा माग काढणाऱ्या नवराबायकोने. पण आज मला सांगायचंय ते इटा हालाउनब्रेनर या बाईंबद्दल. नवऱ्याला गेस्टापोने गोळ्या घातल्या, थोरल्या मुलाला छावणीत धाडलं, तो गेला. मीना आणि क्लॉडीन या दोन मुली इझ्यूत सुरक्षित राहतील म्हणून ठेवलेल्या. त्या आउश्वित्झच्या छावणीत मारल्या गेल्या. १९७२ मध्ये या बाई बेआटेबरोबर बोलिव्हियातल्या ला पाझ शहरात गेल्या. बार्बी ज्या जहाज कंपनीत होता तिच्या कचेरीसमोरच्या बाकावर दोघी बसल्या आणि स्वतःला साखळीने बाकाला बांधून घेतलं. हातात फलक. लष्करी राजवट, परका देश, परकी भाषा! दोघी परतल्या. बार्बी तिथेच राहिला, पुढची आणखी अकरा वर्षं. तरीही आल्टमान म्हणजे कोण, हे आता जगाला ठाऊक झालं होतं.

१९८२ मध्ये बोलिव्हियात लोकनियुक्त सरकार आलं आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये बार्बी फ्रान्सच्या ताब्यात आला. तेव्हाचे फ्रान्सचे न्यायमंत्री रोबेर बादँतेर. त्यांच्या वडिलांना लियाँमध्ये बार्बीच्याच माणसांनी पकडलं होतं. बार्बीला आधी लियाँमधल्या माँलुकच्या तुरुंगात ठेवलं. तो स्वतः जिथे कैदी कोंबायचा, तोच हा तुरुंग.

मे १९८७ मध्ये खटला उभा राहिला. सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांनंतर बार्बीने कोर्टात यायलाच नकार दिला. हालाउनब्रेनरबाईंनी साक्ष दिली. इझ्यूची तार पुराव्यात होती. ४ जुलैला जन्मठेप झाली. चार वर्षांनी तो कैदेतच मेला.

नाझींविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकाराचे नेते ज्याँ मुलाँ यांचा बार्बीने केलेला छळ मात्र आरोपांत नव्हता, कारण युद्धगुन्ह्यांवर खटला भरण्याची कायदेशीर मुदत संपली होती. १९६४ मध्ये फ्रेंच संसदेने मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांना मुदतीची अट नाही, असा कायदा केला होता. तो नसता, तर इझ्यूच्या मुलांचा खटलाही उभा राहिला नसता.