२४ ट्रॅक, एक गाणं

[पडदा काळा. स्नेअर ड्रमचा एकच ठोका, पुन्हा पुन्हा.]

एक काठी, एक ड्रम, एक ठोका. पण हा ठोका आठ माइकनी टिपला आहे आणि प्रत्येकापर्यंत तो वेगळ्या वेळी पोचला आहे.

[संगणकाचा पडदा. एकाखाली एक रंगीत पट्ट्या.]

हे २४ ट्रॅक, म्हणजे प्रत्येक माइकचं किंवा वाद्याचं सुटं मुद्रण. वरचे आठ ड्रमचे. मग बास, गिटारचे सहा, कीबोर्डचे दोन, मुख्य गायिका आणि तळाशी कोरसचे सहा आवाज. वादक आपापलं वाजवून केव्हाच घरी गेलेत. आता या सगळ्याचं गाणं व्हायचं ते या खुर्चीत. खुर्चीतली विद्यार्थिनी सहा महिन्यांपासून हे ट्रॅक मिसळण्याचं काम, म्हणजे मिक्सिंग, शिकते आहे.

[जुन्या टेप यंत्राची फिरती चाकं.]

वाद्यं अशी सुटी ठेवता येतात, हे एकेकाळी स्वप्नच होतं. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल आधीच्या मुद्रणावर नवा थर चढवत जायचा. एक सूर चुकला की खालचे सगळे थर वाया, पुन्हा पहिल्यापासून. आठ वेगळे ट्रॅक एकाच टेपवर नेमक्या ताळमेळात ठेवायची कल्पना त्यानं अँपेक्स कंपनीपुढे मांडली. त्या कंपनीचं आठ ट्रॅकचं यंत्र त्याच्याकडे आलं १९५७ साली. वाजवणं आणि मिसळणं ही दोन वेगळी कामं झाली ती अशा यंत्रांमुळे. विद्यार्थिनीसमोरच्या रंगीत पट्ट्या त्याच टेपच्या वारसदार आहेत.

[फेडरवर बोट. जवळून.]

पहिले काही आठवडे शिक्षक फक्त फेडर, म्हणजे ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, वापरू देतात. वरखालचे स्वर कमी-जास्त करणारा ईक्यू बंद, आवाजाचे चढउतार आवरणारा कॉम्प्रेसर बंद, खोलीसारखी घुमणूक देणारा रिव्हर्ब बंद. बघा, बासचा फेडर तिनं जेमतेम वर नेला. एक-दोन डेसिबल असेल. आणि पायानं वाजवायचा मोठा किक ड्रम मागे सरकला. किकला तर कुणी हातही लावलेला नाही! दोघांची वस्ती खालच्या स्वरांत, एकानं जागा घेतली की दुसरा झाकला जातो. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बोटाला आधी कळलं, मग कानाला, आणि नाव मागाहून मिळालं. मिक्सिंग शिकवायचा याहून चांगला क्रम मला माहीत नाही.

[ध्वनीच्या दोन लाटा, एकाखाली एक. चित्र मोठं होत जातं.]

आता या दोन रेघा नीट बघा. दोन्ही त्याच स्नेअरच्या. एक माइक ड्रमच्या वर, दुसरा खाली. काठी पडते तेव्हा कातडं वरच्या माइकपासून दूर जातं आणि खालच्या माइकच्या दिशेनं येतं. म्हणून वरची रेघ खाली वळते तिथे खालची वर चढते. दोन्ही एकत्र वाजवले की एकमेकांना खोडतात, आणि ठोक्यातला भरीवपणा नाहीसा होतो. कागदाच्या खोक्यावर टिचकी मारावी तसा आवाज राहतो.

[बटणावर बोट. क्लिक. ठोका भरदार होतो.]

खालच्या माइकची लाट उलटी केली, इतकंच.

ड्रमवर टांगलेल्या ओव्हरहेड माइकचा प्रश्न वेगळा. ध्वनीला एक मीटर जायला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात. तेवढा उशीर आपल्याला वेगळा ऐकू येत नाही, पण जवळच्या माइकमध्ये मिसळला की आवाजाचा पोत बदलतो. ती तो ट्रॅक किंचित पुढे ओढते, ऐकते, परत मागे नेते. पुन्हा ऐकते. ही दुपार तशीच गेली, आणि ती वाया गेलेली नाही.

[खोली. शिक्षक आवाजाचं बटण हळूहळू खाली फिरवतात.]

आवाज इतका कमी का? १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की हळू आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की तेच मिश्रण भरलेलं वाटतं आणि शिकणारा स्वतःवर खूश होतो. शिवाय ८५ डेसिबलच्या वर तासन्‌तास काम केलं तर कान कायमचे बिघडू शकतात.

[गिटारचा ट्रॅक सोलो.]

ही गिटार एकटी ऐकली तर किरटी वाटते. तिनं मुद्दामच दोन ते चार हजार हर्ट्झमधला भाग, जिथे गायिकेच्या शब्दांनाही जागा लागते, थोडा कापला आहे. आता सगळे ट्रॅक सुरू. गायिकेचे शब्द स्पष्ट झाले, आणि तिचा आवाज वाढवलेला नाही.

[ट्रॅकवरची लाट. मध्येच लहानशी वळवळ.]

आणि हे? माइकच्या शेजारी खुर्ची करकरली. टॉम नावाच्या ड्रमच्या माइकमध्ये गिटार शिरली आहे. दुसऱ्या कडव्याआधी कुणीतरी खाकरलं. खरं मुद्रण असंच असतं, आणि विद्यार्थ्याला असंच हवं. तयार गाणं हजार वेळा ऐकूनही हे हाती लागत नाही, कारण तिथे सगळं आधीच निवडून, पुसून झालेलं असतं. या गाण्याचे कच्चे ट्रॅक कलाकारांनी शिकणाऱ्यांसाठी मोकळे केले, म्हणून ही खोली आज चालू आहे. किती तरी गाण्यांचे असे ट्रॅक हार्ड डिस्कमध्ये पडून असतील. कलाकारांनो, तुमच्याकडे असतील तर द्या. खुर्चीच्या करकरीसकट द्या.

[फोनच्या लहानशा स्पीकरवर गाणं.]

फोनवर बास गायब. अपेक्षितच होतं, एवढ्याशा स्पीकरमधून खालचे स्वर निघत नाहीत. ती परत खुर्चीत. बासला थोडी खरखर देते, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर तयार होतात आणि मूळ स्वर कान स्वतःच भरून काढतो. फाइलचं नाव आता मिक्स ११.

[मुख्य गायिकेचा ट्रॅक. पहिल्या ओळीआधीची रिकामी जागा.]

पहिल्या दिवशी ट्रॅक साफ करताना तिनं इथला श्वास कापला होता.

[माउस पट्टीची कड डावीकडे ओढतो. लहानशी लाट पुन्हा दिसते. ती स्पेसबार दाबते. श्वास, मग गाणं. निवेदन नाही.]