किंचित गुलाबी

(दृश्य: ग्लेझ्ड टाइलवर कॉनिकल फ्लास्क. ब्युरेटमधून थेंब पडतो आहे.)

प्रॅक्टिकलला हे टायट्रेशन, म्हणजे आम्लात थेंबाथेंबाने अल्कली सोडणं, ज्यांनी केलंय, त्यांना आठवेल. थेंब पडतो, गुलाबी रंग उमटतो, फ्लास्क हलवला की जातो. पुन्हा एक थेंब. आता रंग टिकतो, अगदी जेमतेम. "सर, झालं का?" एवढं विचारेपर्यंत आणखी एक थेंब पडतो, आणि फ्लास्कमध्ये रोझ सरबत तयार!

हा रंग दाखवणारं रसायन, फिनॉल्फ्थॅलिन, साधारण ८.२ पीएचपर्यंत (पीएच म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) बिनरंगी असतं आणि १० च्या आसपास गडद गुलाबी. मधल्या पट्ट्यात काय म्हणायचं? बोलताना आपण 'किंचित', 'गुलाबीसर' म्हणून मोकळे होतो. गणिताच्या संचात मात्र वस्तू असते किंवा नसते.

(दृश्य: फळ्यावर ० आणि १, मध्ये खडूची तिरकी रेघ.)

बाकूत जन्मलेले, बर्कलेत शिकवणारे लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये हा नियम सैल केला. त्यांच्या 'फझी' संचात वस्तू ० ते १ यांमधल्या कुठल्याही मात्रेने असू शकते. एक गल्लत मात्र नेहमी होते. ०.६ गुलाबी म्हणजे गुलाबी असण्याची ६० टक्के शक्यता नव्हे. रंग डोळ्यांसमोर आहे, शंका कसलीच नाही; तो किती गुलाबी, एवढंच सांगायचंय.

(दृश्य: इन्फ्रारेड आलेख.)

पदार्थ कुठला इन्फ्रारेड प्रकाश शोषतो, ते या आलेखातल्या शिखरांवरून कळतं, आणि त्यावरून पदार्थ ओळखतात. अॅसिटोनचं एक ठळक शिखर १७१५ च्या आसपास येतं (एकक: दर सेंटिमीटरला लहरी). नमुना, द्रावक, यंत्र बदललं की ते जरा सरकतं. पाचाची सूट दिली, तर १७२० पास आणि १७२१ नापास. त्याऐवजी १७१५ ला १ धरून दोन्ही बाजूंना दहावर शून्य होणारा उतार काढा. १७२० ला ०.५ मिळतात, १७२१ ला ०.४. शिखर यादीतून एकदम बाद होत नाही.

(दृश्य: हातपंप, कळशी.)

यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड ही जुनी डोकेदुखी आहे. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. म्हणजे १.१ आणि १.४५ एकाच रकान्यात! १ पासून १.५ पर्यंत सरळ उतार धरला, तर पहिल्याला ०.८ मिळतात, दुसऱ्याला ०.१.

आता त्या दुसऱ्या पाण्यात विरघळलेले क्षार अगदी कमी आहेत, त्यांना पुरता १. सरासरी काढली तर ०.५५, म्हणजे बरं पाणी! फझी हिशेबात 'हेही आणि तेही' हवं असेल, तेव्हा सहसा लहान आकडा घेतात. उत्तर ०.१. क्षार कमी आहेत म्हणून फ्लोराइड पोटात घातलं जात नाही.

हा उतार ठरवतं कोण? माणूसच. सरळ रेघेऐवजी वळणदार काढली, तर त्याच पाण्याचा आकडा बदलतो. म्हणून अहवालात ०.१ च्या शेजारी ती रेघही छापावी लागते.

(दृश्य: अहवालाचं पान. आकड्याशेजारी छोटासा आलेख.)