सत्याच्या जागेचं मस्टर

पत्रिकेत विषय 'पिरॅमिडच्या देशात' असा छापलाय, पण पिरॅमिडवर मी फार बोलणार नाही. ते प्रचंड आहेत हे तुम्हाला माहीत आहे, आणि समोर उभं राहिल्यावर मलाही त्यापलीकडे काही सुचलं नव्हतं. कर्नाकच्या देवळाचंही तसंच. तिथल्या सभामंडपात १३४ खांब. नातवानं मोजायला घेतले, साठाच्या पुढे त्याचा घोळ झाला, तो परत पहिल्या खांबापाशी गेला. आम्ही सावली बघून बसलो.

मला बोलायचंय ते इजिप्तमधल्या लक्झर शहराच्या, नाईल नदीच्या पश्चिम काठावरच्या एका गावाबद्दल. देर अल-मदीना. आमच्या कार्यक्रमात ते नव्हतंच. राजांच्या दरीत एका तिकिटावर तीन थडगी बघता येतात. तीन उतरून-चढून माझे गुडघे बोलायला लागले होते. जावई म्हणाले, "बाबा, वाटेवर अजून एक आहे, ही थडगी खोदणाऱ्यांचं गाव." खोदणाऱ्यांचं म्हटल्यावर मी गुडघे विसरलो. माझी तीस वर्षं बांधकामाच्या साइटवर गेलीयेत.

गाव म्हणजे आज नुसती जोती. मधून एक बोळ, दोन्ही बाजूंना चिकटून घरं, गावकुसाच्या आत सुमारे ६८. गावात पाणी नाही, ते नदीकडून गाढवांवर यायचं. दगड फोडणारे, गिलावा करणारे, चित्रं काढणारे कारागीर पिढ्यानपिढ्या इथं राहिले. कामाच्या जागेला ते 'सत्याची जागा' म्हणत. आठवडा दहा दिवसांचा: आठ दिवस डोंगरापलीकडे काम, खिंडीतल्या झोपड्यांत मुक्काम, मग दोन दिवस घरी.

त्या बोळात उभं राहून मुलीनं मोबाईलवर एक फोटो शोधून दाखवला. चुनखडकाची पाटी, आता लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये असते. तिच्यावर दुसऱ्या रामसेस राजाच्या कारकिर्दीतल्या ४०व्या वर्षाचं, म्हणजे इ.स.पू. १२४०च्या आसपासचं, मस्टर आहे! ४० जणांची नावं, पुढे काळ्या शाईत खाड्यांच्या तारखा, आणि तारखांच्या डोक्यावर लाल शाईत कारण. मुलगी वाचत गेली. विंचू चावला. डोळ्यांचं दुखणं. घर बांधतोय. बिअर गाळतोय. आईचं प्रेत गुंडाळतोय. साहेबाच्या कामावर. हे शेवटचं मी लगेच ओळखलं. साइटवरचा गवंडी साहेबाच्या घराच्या कुंपणाला नेणं ही रीत एवढी जुनी असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

आणखी एक कारण होतं: बायकोची किंवा मुलीची पाळी. त्यासाठी पुरुष घरी राहिलाय आणि लिहिणाऱ्यानं तशी नोंद केलीय. ही म्हणाली, "तुमच्या मस्टरवर कुणी लिहिलं असतं हे?" मी गप्प. आमच्या मस्टरला कारणाचा रकानाच नव्हता. हजर नाही तर गैरहजर, आणि गैरहजर म्हणजे रोज कापला. बाईला विंचू चावला की तिचं पोर डबा घेऊन सांगायला यायचं. मी ऐकून घ्यायचो आणि फुली मारायचो.

या लोकांना पगार धान्यात मिळायचा. साध्या कारागिराला महिन्याला चार पोती गहू, दीड पोतं जव. तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी, इ.स.पू. ११५७च्या सुमाराला, ते धान्य थकलं. महिन्याचे १८ दिवस गेले, आम्ही उपाशी आहोत, असं म्हणत माणसं नाके ओलांडून बाहेर पडली आणि राजांच्या देवळांमागे जाऊन बसली. तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, राजाला कळवा. लेखनिक अमेननख्तच्या काळातली ही सगळी हकिगत पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर आहे, तो इटलीत तुरीनला ठेवलाय. माहीत असलेल्या संपांतला हा सर्वांत जुना. मागण्यांमध्ये त्यांनी मासळी आणि भाजी वेगवेगळी लिहिली, हे मला फार आवडलं.

राजांसाठी खोदून उरलेल्या वेळात हे लोक गावाशेजारच्या उतारावर स्वतःसाठी खोदायचे. सेन्नेजेम नावाच्या कारागिराचं थडगं १८८६मध्ये सापडलं. अरुंद पायऱ्या, वाकून आत जायचं. आत आपल्या हॉलपेक्षा लहान खोली, आणि रंग असे की काल पुट्टी वाळली असावी. एका भिंतीवर त्याचा परलोक आहे. सेन्नेजेम ठिपक्याठिपक्यांच्या बैलांमागे नांगर धरून चाललाय, अंगावर पांढरंशुभ्र तागाचं वस्त्र. मागून त्याची बायको इयनेफेर्ती बी टाकत येतेय. पुढे पीक उभं आहे, दाट. जन्मभर सरकारी कोठारातून मोजून गहू घेतलेल्या माणसानं मेल्यावर स्वतःचं शेत मागितलं, असं मला वाटलं. त्या कपड्यांत कुणी नांगरत नाही, हेही वाटलं.

हिचं माहेर शेतकऱ्याचं. मी पांढऱ्या कपड्यांवर काहीतरी बोलत होतो, पण हिचं लक्ष इयनेफेर्तीच्या हाताकडे होतं. मागची माणसं पुढे सरका म्हणत होती तरी ही हलेना. मग म्हणाली, "मूठ बरोबर धरलीय हिनं."