कनिष्क विमानातली माणसं गेली, सांत्वन कोणाचं करायचं होतं?

२३ जून १९८५. एअर इंडियाचं फ्लाइट १८२, विमानाचं नाव सम्राट कनिष्क. मॉन्ट्रियलहून लंडन, पुढे दिल्ली आणि मग मुंबई असा रूट होता, आणि आयर्लंडच्या किनाऱ्यापासून बरंच लांब, समुद्रावर असताना सामानात ठेवलेला बॉम्ब फुटला. ३२९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. सुट्टीत आजी-आजोबांना भेटायला निघालेली पोरं खूप होती त्यात, ८० च्या वर लहान मुलं.

त्यानंतर कॅनडाचे पंतप्रधान ब्रायन मलरोनी यांनी फोन केला, राजीव गांधींना, सांत्वन करायला. आता हे बघा, गेलेल्यांपैकी २६८ जण कॅनडाचे नागरिक होते. टोरंटोत, मॉन्ट्रियलमध्ये ज्यांच्या घरात रडारड चालू होती, ते त्याच देशात राहत होते, तिथेच टॅक्स भरत होते, आणि त्यांच्या पंतप्रधानांनी दुखवटा कळवला दुसऱ्या देशाला. फोन करण्यात चूक नव्हती, भारताची माणसंही त्यात होतीच, पण स्वतःच्या लोकांच्या दारात आधी कोण जाणार होतं? नातेवाईक ही गोष्ट अजून सांगतात आणि मला वाटतं पुढची सगळी वर्षं या एका फोनमध्ये दिसतात.

कारण पुढे तसंच होत गेलं. कितीतरी जणांना बातमी टीव्ही-रेडिओवरून कळली. आपलं माणूस त्या विमानात चढलं होतं का, एवढं विचारायलासुद्धा धड कोणी सापडेना. समुद्रातून १३० च्या आसपास मृतदेह मिळाले, म्हणजे निम्म्याहून जास्त घरांना शेवटचं बघायलासुद्धा काही मिळालं नाही. जे मिळाले ते आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या हॉस्पिटलमध्ये आणले, नातेवाईक तिथे पोचले, आणि तिथे त्यांना सांभाळलं ते आयरिश लोकांनी. नर्सेस, पोलीस, साधी गावातली माणसं, कोणी घरात ठेवून घेतलं, कोणी नुसतं शेजारी बसून राहिलं. ना भाषा एक, ना धर्म एक, ओळखपाळख तर अजिबातच नाही. पुढच्याच वर्षी अहाकिस्ता नावाच्या गावात, समुद्राकाठी, स्मारक उभं राहिलं आणि दर २३ जूनला तिथे लोक जमतात, नातेवाईक येतात, गावकरी पण येतात.

कॅनडात मात्र तपास वर्षानुवर्षं रेंगाळला, गुप्तचर खात्याने संशयितांच्या फोनच्या टेप पुसून टाकल्याचं बाहेर आलं, २००५ मध्ये दोन मुख्य आरोपी निर्दोष सुटले. या सगळ्यात घरच्यांनी काही विचारलं की कटकट करणारे लोक, असंच बघितलं जायचं. हे माझं मत नाही हां. न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या चौकशी आयोगाने २०१० मध्ये जे मांडलं त्याचा अर्थ हाच होता, की या कुटुंबांना सरकारने आपले विरोधक असल्यासारखं वागवलं, जणू हे संकट त्यांनीच ओढवून घेतलं.

या आयोगाची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २००६ मध्ये सुनावणी सुरू झाली तेव्हा सगळ्यात आधी नातेवाईकांना बोलावलं. अधिकारी, वकील, गुप्तचर सगळे नंतर. आणि त्यांचं म्हणणं पुढच्या वर्षी वेगळ्या अहवालात छापलं. एकवीस वर्षांनी का होईना, समोर बसून कोणीतरी पूर्ण ऐकून घेतलं.

अमेरिकेने हे पुढे कायद्यातच लिहून टाकलं. १९९६ चा कायदा आहे, विमान अपघातात नातेवाईकांना मदत कशी करायची त्याचा, आणि तो इतका बारीकसारीक आहे की वाचताना कळतं, आधी लोकांनी काय काय सोसलं असेल. पॅसेंजर लिस्ट जाहीर व्हायच्या आधी घरच्यांना कळवायचं. वकिलांनी न बोलावता ४५ दिवस त्यांच्याशी संपर्क करायचा नाही. कोणी न नेलेलं सामान, बॅग असो की चप्पल, कंपनीने निदान १८ महिने सांभाळून ठेवायचं, कारण बॅग उघडायची हिंमत सगळ्यांना पहिल्या महिन्यात होत नाही. स्मारक बांधायचं तर त्यांना विचारून. यात फुलं नाहीत, भाषणं नाहीत, कॅमेरे नाहीत. आणि खरं सांगायचं तर मेणबत्त्या लावणं त्यापेक्षा खूप सोपं आहे, फोन उचलून "अजून आम्हाला माहीत नाही, पण चार वाजता परत सांगतो" म्हणणं आणि चार वाजता खरंच फोन करणं, हे अवघड.

२३ जून २०१० ला पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी टोरंटोत नातेवाईकांसमोर उभं राहून सरकारच्या वतीने माफी मागितली. पंचवीस वर्षं झाली होती. ज्या आईवडिलांना ती ऐकायची होती त्यातले बरेच तोपर्यंत राहिलेच नव्हते. आणि २०२३ मध्ये कॅनडात सर्व्हे झाला तेव्हा दहातल्या नऊ जणांना या घटनेबद्दल काही माहीत नव्हतं, किंवा अगदी थोडंसं माहीत होतं. म्हणून उरलेले नातेवाईक आजही, सत्तरी-ऐंशीत, तेच सांगत फिरतायत: ही आमच्या घरातली गोष्ट आहे, पण तुमच्या देशाच्या इतिहासातलीसुद्धा आहे.