आठ सरळ तुकडे

हा गुंडाळलेला रेशमी तागा पाहा. जपानीत याला ‘तानमोनो’ म्हणतात. रुंदी जेमतेम 36 ते 38 सेंटिमीटर, लांबी 12 मीटरच्या आसपास. एका माणसाचा एक किमोनो यातच बसवायचा.

कात्री फक्त सरळ चालते. अंगाचे दोन लांब पट्टे, दोन बाह्या, पुढून झाकणारे दोन ‘ओकुमी’, गळपट्टी आणि तिच्यावर चढवायची आणखी एक पट्टी. झाले आठ तुकडे. अंगाचा पट्टा पुढून खांद्यावरून थेट पाठीवर उतरतो, त्यामुळे खांद्याला शिवणच नाही. जास्तीचं कापड छाटत नाहीत, शिवणीत दडवतात. म्हणून आईचा किमोनो उसवून अंगानं मोठ्या मुलीला पुरवता येतो. पण हात फार लांब असले, तर अरुंद ताग्यापुढे शिवणाऱ्याचंही काही चालत नाही.

जुन्या पद्धतीची धुलाई म्हणजे ‘अराइहारी’. सगळा किमोनो उसवायचा, तुकडे टाके घालून पुन्हा एका लांब पट्ट्यात जोडायचे, धुवायचे, खळ देऊन ताणून वाळवायचे आणि परत शिवायचे.

शिवलेलं वस्त्र असलं तरी याला ‘घालणं’पेक्षा ‘नेसणं’च शोभतं. बायकांचा किमोनो साधारण नेसणारीच्या उंचीएवढा लांब असतो. आधी खालची कड घोट्यापाशी आणायची, मग कमरेला ‘कोशीहिमो’ ही दोरी आवळायची. उरलेलं कापड तिच्यावरून दुमडून खाली सोडलं की झाली ‘ओहाशोरी’. ही पहिली दोरी सैल राहिली, तर वर साडेतीन-चार मीटरचा ‘ओबी’ हा कमरपट्टा कितीही नीट बांधा, तासाभरात कड जमिनीवर लोळते. पुरुषांना ही घडी नसते. त्यांचा किमोनो मापातच शिवतात.

डावा पदर नेहमी उजव्यावर, बाई असो वा पुरुष. 719 सालच्या राजाज्ञेपासून हाच नियम आहे. उलटा पदर फक्त मृताला. (सेल्फीत चित्र आरशासारखं उलटतं, तेव्हा फोटो टाकण्याआधी बघून घ्यावं.)

उतरवल्यावर रात्रभर वाऱ्याला टांगायचा, घामाची ओल जाईपर्यंत. त्याहून जास्त नको. कापड स्वतःच्याच वजनानं ओघळतं आणि अस्तर खाली लोंबायला लागतं. मग शिवणींवरूनच सपाट घडी घालून ‘तातोशी’ कागदात गुंडाळून ठेवायचा.