ओल्नीचा फवारणीवाला

नमस्कार मंडळी! आज एका फवारणीवाल्याबद्दल बोलायचंय, पण हा पाठीवर पंप घेऊन फिरणारा नाही हं, विमानातून फवारणारा. नाव लेलंड स्नो. जन्म 1930 चा, गाव ब्राउन्सव्हिल, टेक्सासच्या पार दक्षिण टोकाला, मेक्सिकोला लागून.

विमानाने धुरळणी तशी जुनीच, 1921 मध्ये ओहायोत जॉन मॅकरेडीने झाडांवरच्या अळ्या मारायला शिशाचं आर्सेनेट हे विष टाकलेलं (नाव ऐकूनच अंगावर काटा येतो). मग दुसरं महायुद्ध संपलं, लष्कराची शिकाऊ पायलटांची स्टीअरमन विमानं स्वस्तात निघाली, लोकांनी पुढची सीट काढून तिथे टाकी बसवली आणि लागले धंद्याला. पण काम बघा कसलं, पिकाच्या अगदी डोक्यावरून विमान न्यायचं, बांध आला की झाडं नि विजेच्या तारा चुकवत वर खेचायचं, वळवायचं, परत खाली, असं सकाळभर. आणि शेताच्या टोकाला एक माणूस झेंडा घेऊन उभा, एक पट्टा झाला की पावलं मोजून बाजूला सरकायचा. पुढे जीपीएस आलं आणि त्याचं काम गेलं, पण तोवर त्याच्या अंगावर किती औषध पडलं असेल? 2017 मध्ये यवतमाळला फवारताना शेतकऱ्यांना विषबाधा झाली ते आपण बघितलंय, म्हणून मला पायलटपेक्षा आधी हा झेंडेवालाच आठवतो.

असो. तर स्नोने ठरवलं, विमान मुळातच फवारणीसाठी बनवायचं. पहिला तो नव्हे, फ्रेड वाइकचं एजी-1 हे फवारणीचं विमान 1950 मध्येच उडालं होतं. पण स्नोचं एस-1 1953 मध्ये उडालं तेव्हा पोरगा होता 23 वर्षांचा, आणि नुसतं उडवून थांबला नाही, तेच विमान घेऊन रिओ ग्रँडेच्या खोऱ्यात 1957 पर्यंत स्वतः फवारणीची कामं केली. पुढचं एस-2 घेऊन थेट निकाराग्वाला गेला. म्हणजे बनवणारा तोच, चालवणारा तोच आणि तक्रार करणाराही तोच! पंख खाली, टाकी पायलटच्या पुढे, पायलट मागे उंचावर बसलेला, तारा लांबून दिसायला हव्यात ना.

1958 मध्ये टेक्सासमधल्याच ओल्नी नावाच्या छोट्याशा गावात कारखाना टाकला. 1965 मध्ये तो रॉकवेल-स्टँडर्ड कंपनीला विकला, स्वतः तिथेच मोठ्या हुद्द्यावर राहिला. 1970 मध्ये कंपनीने ओल्नीचा कारखाना बंद करून काम अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात हलवलं, याने राजीनामा दिला आणि चाळिशीत परत ड्रॉइंग बोर्डवर बसला, आता स्पर्धा स्वतःच्याच जुन्या विमानाशी! मला तर या माणसाचा हाच भाग सगळ्यात भारी वाटतो, पैसा मिळाला होता, गप्प बसता आलं असतं की.

नवी कंपनी एअर ट्रॅक्टर, तीही ओल्नीतच. 1973 मध्ये पहिलं विमान उडालं, पुढे टर्बाइन इंजिनं आली, टाक्या वाढत गेल्या. 1990 च्या एटी-802 ची टाकी 800 गॅलनची, म्हणजे साधारण 3000 लिटर, आपला पाठीवरचा पंप पंधरा-सोळा लिटरचा, करा हिशोब. एकच इंजिन, एकच पायलट. जंगलाला वणवा लागला तर त्याच टाकीत पाणी भरून विझवायलाही हे विमान नेतात.

2008 मध्ये कंपनीची मालकी कामगारांकडे गेली. स्नो 2011 मध्ये गेला, ऐंशीचा होता, जॉगिंगला बाहेर पडला होता. विमानं अजून ओल्नीतच बनतात.